बोटीच्या इंजिनात तेल कोणते?

ईद झाली की दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, इस्लामपूरच्या मोहल्ल्यांतून गाड्या भरून निघतात. कोणी पन्हाळ्याला, कोणी महाबळेश्वरला, कोणी कोयनेच्या बाजूला. अलीकडे त्यात तापोळा आणि बामणोली ही दोन नावे वाढली आहेत. शिवसागर जलाशयावर इंजिनाच्या बोटीत बसायचे, डब्यातला उरलेला शीरखुर्मा आणि कबाब पाण्यावर बसून खायचे, मुलांनी काठावरून हात पाण्यात बुडवायचा, मोठ्यांनी ओरडायचे. आमच्या घरचाही हा बेत दोन-तीन वेळा झालेला आहे.

बोटीच्या तेलावर शाळेतल्या शिक्षिकेने का लिहावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आमच्या वर्गातून दहावी झालेली कितीतरी मुले आज गॅरेजमध्ये आहेत. कोणी ट्रॅक्टर दुरुस्त करतो, कोणी मोटारसायकल, कोणाचे ऑइलचे दुकान आहे. त्यांच्याकडे आता कधीमधी बोटीचे इंजिनही येते. दुसरीकडे आपण सगळे त्या बोटीत लेकराबाळांसह बसणारे. मोटारसायकलचे इंजिन बंद पडले तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि गाडी ढकलत नेतो. बोटीचे इंजिन बंद पडते ते पाण्याच्या मध्यावर. तिथे कडा नाही आणि ढकलायलाही काही नाही. तेलाचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो यामुळे.

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचे पाणी. धरण १९६४ च्या सुमारास पूर्ण झाले. साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास. महाबळेश्वरच्या पायथ्यापासून पाटण तालुक्यातल्या देशमुखवाडीपर्यंत हे पाणी डोंगरांच्या घड्यांतून लांबच लांब पसरले आहे. तापोळ्याला कोयनेला सोळशी आणि कांदाटी या नद्या येऊन मिळतात. बामणोलीहून वासोट्याला जायचे तर बोटीने तासाच्या वर जातो. मध्ये दोन्ही बाजूंना जंगल, वस्ती नाही आणि मोबाइलला रेंजही फारशी नाही. अशा पाण्यावर इंजिनाची एक ठराविक लय कानाला लागून राहते. ती बदलली की सगळ्यांच्या माना मागे वळतात.

एका फेरीत आमच्याही माना वळल्या होत्या. काठापासून बरेच आत गेल्यावर इंजिन खोकायला लागले, मागून निळा धूर आला आणि आवाज बंद झाला. बोटवाला तरुण मुलगा होता. तो म्हणाला, "बाई, घाबरू नका, प्लग काळा झाला असंल, काढून पुसतो." त्याने प्लग काढला. तो खरोखर काजळीने आणि तेलाने माखलेला होता. कापडाने पुसला, पॉलिश पेपरने घासला, परत लावला आणि इंजिन सुरू झाले. यात अर्धा तास गेला. वारा बोटीला हळूहळू वासोट्याच्या बाजूला नेत होता. सोबतची लहान मुले रडायला लागली होती आणि आमच्या अम्मी तोंडातल्या तोंडात दुआ पढत होत्या. परत येताना आम्ही त्याला विचारले, तेल कोणते घालतोस? तो म्हणाला, "टूटी. मोटारसायकलचं. पेट्रोलात टाकायचं तेच."

घरी आल्यावर हे आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाला सांगितले. त्याचे पेठ नाक्याच्या बाजूला गॅरेज आहे. तो हसला आणि म्हणाला, "खाला, तेल तेल सब एकच है बोलते लोगां. पन इंजन को फरक मालूम पडता ना." मग त्याने बसून सगळे समजावले. त्यानंतर आम्ही इंजिनांच्या पुस्तिका मिळवून वाचल्या, कोकणातल्या नातेवाइकांना विचारले. पुढचे सगळे त्यातून जमवलेले आहे.

आधी इंजिनाची जात ओळखावी लागते. सहलीच्या बोटींवर साधारण तीन प्रकार दिसतात. पहिले दोन बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले असतात. त्यांना आउटबोर्ड म्हणतात; मच्छीमार आणि आपत्ती व्यवस्थापनाची माणसे नुसते 'ओबीएम' म्हणतात. त्यांतले एक टू-स्ट्रोक, दुसरे फोर-स्ट्रोक. तिसरा प्रकार बोटीच्या पोटात बसवलेले डिझेल इंजिन. तिन्हींचे तेल वेगवेगळे, आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाही.

आउटबोर्ड लोकप्रिय करणारा माणूस ओले एविनरूड. हा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातला. गोष्ट अशी सांगतात की, तळ्याकाठी सहलीला गेले असताना होणाऱ्या बायकोसाठी तो वल्ही मारत पलीकडच्या काठावरून आइस्क्रीम आणायला गेला, आणि परत येईपर्यंत ते वितळून गेले. १९०९ पासून त्याने अशी इंजिने विकायला सुरुवात केली. गोष्ट कितपत खरी हे सोडून द्या, सांगायला मात्र गोड आहे. भाषेची शिक्षिका म्हणून आणखी एक सांगण्याचा मोह होतो. कोकणात बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतात. तो शब्द फारसीतल्या 'नाखुदा'चे मराठी रूप आहे. नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे धनी. उर्दूत नाखुदा अजून चालतो. मिरकरवाड्याच्या बंदरावर दोन्ही रूपे ऐकू येतील.

आता तेल. टू-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळ्या टाकीत फिरत राहत नाही. ते पेट्रोलात मिसळून आत जाते, पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण देते आणि शेवटी पेट्रोलाबरोबर जळते. आपल्याकडे लॅम्ब्रेटा, विजय स्कूटर आणि आरएक्स हंड्रेडच्या काळात पेट्रोल पंपावर 'टूटी' मारून घ्यायची सवय सगळ्यांना होती. बोटवाल्याच्या डोक्यात तेच तेल बसलेले असते. पण मोटारसायकलचे इंजिन वाऱ्याने थंड होते, त्यामुळे ते चांगलेच तापते. त्या उष्णतेत टिकावे म्हणून त्याच्या तेलात धातूची संयुगे असलेली साफसफाईची द्रव्ये घालतात. जळल्यावर त्यांची थोडी राख उरते आणि गरम इंजिनात ती फारशी नडत नाही. बोटीचे इंजिन मात्र तळ्याचे किंवा नदीचे थंड पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. ते मोटारसायकलइतके तापतच नाही. मग ती राख जळून जात नाही. पिस्टनच्या डोक्यावर, रिंगांच्या खाचांत आणि प्लगवर ती साचत जाते. प्लगवर साचली की ठिणगी मारली जाते. पिस्टनवर साचली की एखादा लालबुंद ठिपका वेळेआधीच पेट्रोल पेटवतो, आणि असे होत राहिले तर पिस्टनला भोक पडते.

म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी राख न सोडणारे तेल वेगळे करतात. त्याच्या डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' ही अक्षरे असतात. डब्ल्यू म्हणजे वॉटर, पाण्याने थंड होणारे. हा दर्जा अमेरिकेतल्या बोट-उद्योगाच्या संघटनेने ठरवलेला आहे आणि जगभर मानला जातो. मोटारसायकलच्या टूटीवर 'जासो एफबी', 'एफसी', 'एफडी' अशी जपानी दर्जाची अक्षरे असतात. एफडी हे एफबीपेक्षा वरच्या दर्जाचे तेल आहे हे खरे, पण ते वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनांतल्या तुलनेत. दुकानदार "हे त्याहून भारी आहे" असे म्हणत एफडीचा डबा पुढे करतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, प्रश्नच वेगळा समजलेला असतो. रंगावरही जाऊ नये. निळे, हिरवे, लाल हे रंग पेट्रोलात तेल मिसळले आहे की नाही हे डोळ्यांना दिसावे म्हणून घातलेले असतात.

आमच्या बाजारात टीसी-डब्ल्यू३ सहजी मिळत नाही. रत्नागिरी, गोवा किंवा मुंबईहून मागवावे लागते आणि ते महागही पडते. बोटवाल्याची अडचण आम्हाला समजते. पण हंगामाच्या सुरुवातीला दोन-तीन बोटवाल्यांनी मिळून एक पेटी मागवली तर हंगाम निघतो.

प्रमाणाचे गणित आम्ही वर्गातही घालतो. ५०:१ म्हणजे ५० भाग पेट्रोलाला १ भाग तेल. एका लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली. खोकल्याच्या औषधाची एक बाटली, इतके सोपे. आजच्या बऱ्याच टू-स्ट्रोक आउटबोर्डना हेच प्रमाण असते, पण सगळ्यांना नाही. काही जुन्या इंजिनांना दुप्पट तेल लागते आणि काहींना निम्मेच. नव्या इंजिनाला पहिल्या काही तासांत, म्हणजे रग जिरेपर्यंत, २५:१ द्यावे असे अनेक पुस्तिकांत लिहिलेले असते. ते आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत बघावे. पुस्तिका हरवली असेल तर इंजिनाच्या अंगावर कोरलेला मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या विक्रेत्याला फोन करावा. अंदाजाने "जरा सैल हाताने" तेल ओतणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यांना वाटते, जास्त तेल म्हणजे जास्त जपणूक. जास्त तेलाने धूर वाढतो आणि प्लग माखतो. कमी तेलाने पिस्टन जाम होतो. मिसळायची रीतही आहे. डब्यात निम्मे पेट्रोल घ्यायचे, मापाने तेल घालायचे, झाकण लावून हलवायचे, मग उरलेले पेट्रोल घालून परत हलवायचे. तेल थेट बोटीच्या टाकीत ओतले तर ते तळाशी बसते. सुरुवातीला इंजिन नुसते तेल पिते आणि शेवटी नुसते पेट्रोल. काही इंजिनांना तेलाची वेगळी टाकी असते आणि मिश्रण ते स्वतःच करतात. तिथे टाकीतली पातळी रोज बघणे एवढेच काम उरते.

फोर-स्ट्रोक आउटबोर्डची गोष्ट घरच्या गाडीसारखी आहे. तेल खाली तसराळ्यात राहते आणि इंजिनात फिरते. इथे लोक दोन चुका करतात. एक, मोटारसायकलचे फोर-टी तेल घालतात. त्यावर 'जासो एमए' असते. मोटारसायकलच्या क्लचच्या पट्ट्या त्याच तेलात बुडालेल्या असतात, त्या घसरू नयेत म्हणून ते तेल बनवलेले असते. आउटबोर्डमध्ये असा क्लचच नाही. दुसरी चूक, नव्या मोटारगाडीचे अगदी पातळ तेल घालणे. नव्या गाड्यांना मायलेज वाढावे म्हणून '०डब्ल्यू-२०' अशी पातळ तेले देतात. पण हायवेवर गाडीचे इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेत निवांत चालते. बोटीला गिअर बदलून विसावा मिळत नाही. ती सतत चढावर असल्यासारखी असते आणि पूर्ण वेगात तिचे इंजिन पाच-सहा हजार फेऱ्यांवर तासन् तास चालू शकते.

बोटीच्या फोर-स्ट्रोक तेलावर 'एफसी-डब्ल्यू' ही अक्षरे शोधावीत. हा दर्जा २००४ साली त्याच अमेरिकन संघटनेने आणला. त्यात तेलाची गंज रोखण्याची ताकद तपासतात, फेस किती येतो ते बघतात, आणि सतत घुसळून घट्टपणा टिकतो का तेही. डब्यावरचा दुसरा आकडा घट्टपणाचा. '१०डब्ल्यू-३०' मध्ये इथला डब्ल्यू हिवाळ्याचा, पाण्याचा नव्हे. याच अक्षराने बरेच जण गोंधळतात. पहिला आकडा थंडीतली वागणूक सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरची. आपल्या हवेत बर्फ पडत नाही, तेव्हा पहिल्या आकड्याची फार काळजी नको. दुसरा मात्र पुस्तिकेत सांगितला असेल तोच घ्यावा. बहुतेकांना १०डब्ल्यू-३० चालते, काही गरम हवेसाठी १०डब्ल्यू-४० ला परवानगी देतात आणि एखादी कंपनी २५डब्ल्यू-४० सांगते. एफसी-डब्ल्यू मिळालेच नाही तर? अनेक पुस्तिकांत पर्याय म्हणून 'एपीआय' दर्जा दिलेला असतो, एसजी, एसएच, एसजे, एसएल असा. एस पेट्रोल इंजिनाचा, सी डिझेलचा. पुस्तिकेने दिलेल्या अक्षरांचे आणि आकड्याचे तेल त्या वेळेपुरते चालेल. दुकानदाराने दिलेल्या दाखल्यावर चालणार नाही.

फोर-स्ट्रोकमध्ये आणखी एक बारीक गोष्ट असते, आणि सहलीच्या बोटींनाच ती जास्त लागू आहे. फोटो काढायला बोट हळू चालवतात, मध्येच थांबवतात, इंजिन नुसते गुरगुरत ठेवतात. थंड पाण्यामुळे ते नीट तापत नाही आणि न जळलेले थोडे पेट्रोल पिस्टनच्या बाजूने खाली तेलात उतरते. मग काडी काढून बघितली तर तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. बोटवाला खूश होतो, आपले इंजिन तेलच पीत नाही म्हणून. त्याने काडीचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर तेल पातळ झालेले आहे आणि बदलायला हवे. काडी बघताना इंजिन उभे सरळ असावे. तिरके उचलून ठेवलेल्या इंजिनाची काडी काहीही सांगते. बदलण्याचा हिशेब साधारण असा: नव्या इंजिनाचे पहिले तेल १०-२० तासांनी, पुढे १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते.

डिझेलबद्दल आमच्या भागात वेगळे शिकवायची गरज नाही. इथली तीन पिढ्यांची शेती पाण्याच्या इंजिनावर झाली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना काढला ती किर्लोस्करवाडी आमच्या शेजारच्याच पलूस तालुक्यात. बोटीच्या पोटातल्या डिझेल इंजिनाला ट्रॅक्टर-ट्रकच्या जातीचे तेल लागते. डब्यावर 'सीएच-४', 'सीआय-४' अशी अक्षरे आणि बहुधा '१५डब्ल्यू-४०' हा आकडा असतो. पेट्रोल इंजिनाचे तेल यात घालू नये, कारण डिझेलची काजळी धरून ठेवायची ताकद त्यात कमी असते. या बोटींची खरी घाण वेगळीच. इंजिनातून ठिबकलेले तेल बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात मिसळते, आणि बोटवाला ते पाणी डब्याने उपसून तळ्यात फेकतो. इंजिनाखाली पत्र्याची एक परात ठेवली तर हे थांबते.

तेल म्हटले की लोक वरच्या इंजिनापुरतेच बघतात. आउटबोर्डच्या खालच्या पाण्यात बुडालेल्या भागात गिअर असतात आणि त्यांचे तेल वेगळे असते. साधारणपणे ९० नंबरचे, बोटीसाठीचे गिअर ऑइल. तिथे दोन स्क्रू असतात, एक वर आणि एक खाली. तेल खालच्या भोकातून भरायचे, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून भरले तर हवा अडकते आणि तेल अर्धेच बसते. काढलेले तेल दुधी, ताकासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. याचे कारण बहुधा पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला दोरा, जाळ्याचा तुकडा किंवा प्लॅस्टिक असते. ते रबरी सील कापते. आपल्या नद्यांत साड्या, हार, पिशव्या काय काय वाहत असते ते आपण जाणतो. पंखा काढून दोरा बघणे हे महिन्याचे काम समजावे.

आता थोडे पेट्रोलाचे, कारण तेलाशी त्याचा संबंध आहे. आपला भाग उसाचा. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होते आणि ते आता पेट्रोलात मिसळले जाते. २०२२ मध्ये देशात १० टक्के मिश्रण झाले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच. पण बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि बोटीभोवती ओलावा सोडून दुसरे काय असते? ओलावा जास्त झाला की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलापासून फुटून तळाशी बसते. टू-स्ट्रोकचे तेल वरच्या पेट्रोलात राहते आणि टाकीची नळी तळातून ओढते. म्हणजे तुम्ही टीसी-डब्ल्यू३ अगदी मापाने घातले तरी इंजिनाच्या पोटात वंगण नसलेले पाणीच जाते. यावर उपाय असे की पेट्रोल ताजे आणि लागेल तेवढेच घ्यावे, मिसळलेले महिनाभर ठेवू नये, टाकीचे झाकण आवळून ठेवावे, पाणी वेगळे करणारा फिल्टर मध्ये बसवून घ्यावा. इंजिन घेताना विक्रेत्याला इथेनॉलबद्दल सरळ विचारावे.

इथपर्यंत सहलीची बोट झाली. आमच्या तालुक्यातल्या वाचकांच्या मनात बोट म्हटल्यावर वेगळेच चित्र येते, हे आम्हाला ठाऊक आहे. वाळवा तालुक्याच्या एका अंगाला कृष्णा आणि दुसऱ्या अंगाला वारणा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचे जीव गेले. तिथे तेलाचा काही संबंध नव्हता. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बोटीत होती. १२ तारखेची बकरी ईद पुरातच गेली. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातली मुले भाकरी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन नदीकाठच्या गावांना जात होती. इंजिनाची बोट म्हणजे काय, हे त्यांतल्या अनेकांनी तेव्हाच पहिल्यांदा जवळून पाहिले.

आता नदीकाठच्या गावांत बोटी दिसतात. पण पुराची बोट आणि सहलीची बोट यांत एक मोठा फरक आहे. सहलीची बोट हंगामभर रोज चालते. पुराची बोट अकरा महिने शेडमध्ये पडून असते आणि मग एका रात्री ती एका ओढीत सुरू व्हायला लागते. पडून राहणाऱ्या इंजिनाला तेल जास्त विचारपूर्वक लागते. तेल बदलायचे ते इंजिन ठेवून देण्याआधी. पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते. ते वर्षभर आत राहिले तर बेअरिंगला गंज चढतो. ठेवण्याआधी पिंपात स्वच्छ पाणी घेऊन, खालचा भाग त्यात बुडवून इंजिन चालवावे, म्हणजे आतला गाळ धुऊन निघतो. मग पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामे होईपर्यंत चालू द्यावे. प्लग काढून भोकातून चमचाभर तेल घालावे आणि दोरी दोन-तीनदा हलके ओढावी, की तेल सिलिंडरला सगळीकडे लागते. इंजिन उभे ठेवावे. पावसाळा जवळ आला की महिन्यातून एकदा त्याच पिंपात चालवून बघावे. कोरडे कधीही चालवू नये. आतल्या पंपाचा रबरी पंखा पाण्याशिवाय थोड्याच वेळात जळतो.

पिंपात चालवताना मागून पाण्याची बारीक धार येते का बघावे. ती येत असेल तर पाणी इंजिनात फिरते आहे. धार बंद असेल तर जगातले कोणतेही तेल त्या इंजिनाला वाचवणार नाही. पुराच्या गढूळ पाण्यात ती वाट वारंवार तुंबते. बोटीत बसणाऱ्यालाही ती धार दिसते. शिवसागरावर जाल तेव्हा लाइफ जॅकेट घातल्यावर एकदा मागे वाकून बघा, आणि धार दिसली नाही तर बोटवाल्याला दाखवा. तो रागावणार नाही. कधी इंजिन पाण्यात बुडालेच, तर काढल्याबरोबर त्याच दिवशी सगळे तेल बदलून चालवावे लागते. "उद्या बघू" म्हटले की आत गंज बसलाच.

दुकानदार आणि गॅरेजवाल्या मुलांसाठी दोन शब्द. बोटीचे तेल महाग, म्हणून जुन्या डब्यात हलके तेल भरून विकण्याचा धंदा होतो. डब्याचे सील, झाकणाची कडी आणि बॅचचा छाप बघूनच घ्या. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोके पाडा, म्हणजे तो परत भरला जाणार नाही. आमच्या भाच्याच्या गॅरेजमध्ये हा नियम आहे आणि त्याला भंगारवाले नावे ठेवतात.

काढलेल्या तेलाचे काय करायचे हाही प्रश्न येतो. बरेच जण ते गटारात, किंवा थेट तळ्याच्या कडेला ओततात. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनातून तर पाव हिस्सा पेट्रोल आणि तेल न जळताच पाण्यात जाते. याच कारणाने अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर १९९९ पासून अशा इंजिनांना बंदी आहे. शिवसागराचे पाणी काही पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे जाते, उरलेले कोयनेतून कराडला येते. प्रीतिसंगमावर ते कृष्णेला मिळते, आणि तीच कृष्णा पुढे आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते. तापोळ्याला ओतलेले तेल किती पातळ होऊन इथे येत असेल ते असो, पण काठावरची गावे पितात ते पाणी तेच आहे. जुने तेल त्याच डब्यात परत भरून, झाकण लावून, ऑइलच्या दुकानात किंवा वापरलेले तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्यावे. तळ्यावरच्या बोटवाल्यांनी काठावर एक पिंप ठेवले आणि महिन्यातून एकदा गाडी बोलावली तरी काम होते.

आमच्या भाच्याने आता गॅरेजच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. टू-स्ट्रोक बोट: टीसी-डब्ल्यू३. फोर-स्ट्रोक बोट: एफसी-डब्ल्यू. डिझेल: सीएच-४ किंवा सीआय-४. गिअर: ९०. खाली मोठ्या अक्षरांत उर्दूत आणि मराठीत लिहिले आहे, "पहिले पुस्तिका बघा." अक्षर आमचे आहे.